आधी भाकर, मग वचन: एन्झायटी-डिप्रेशनमध्ये आपण विश्वासणारे करतो त्या चुका

इंदूरच्या राऊ सर्कलला कंपनीची बस ट्राफिकमध्ये उभी, सकाळचे सव्वासात, बाजूचा पोरगा मोबाईलवर रील बघतोय, आणि मला एकदम वाटलं की संपलं, आपण इथेच जाणार. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, श्वास घेतोय पण पुरतच नाहीये. बस थांबवली, दोघांनी मला रिक्षात घातलं, जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला, नॉर्मल. गॅस असेल म्हणाले. पुढच्या तीन आठवड्यांत असं अजून चारदा झालं आणि चारही वेळा मी मनात एकच म्हणत होतो, प्रभू, पोरीची बारावी होऊ दे, मग ने.

ते पॅनिक अटॅक होते हे कळायला दोन महिने गेले आणि त्याच्या मागे डिप्रेशन उभं होतं हे कळायला त्याहून जास्त. बरं व्हायला दीडेक वर्ष लागलं, त्यातले आठ महिने तर मी नुसत्या चुका करण्यात घालवले, आणि त्यातल्या बऱ्याचशा चुका मी देवाच्या नावाने केल्या. म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, पास्टर नाही, पिथमपूरला शिफ्टमध्ये काम करणारा माणूस आहे. आजोबा नगरकडून इंदूरला मिलच्या कामाला आले ते इथलेच झाले, घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी, पोहे-जिलेबीवर वाढलेला.

एक गोष्ट आधीच सांगतो. छातीत पहिल्यांदा असं काही झालं तर ते पॅनिक आहे हे तुम्ही घरी बसून ठरवू नका, हार्टची तपासणी करूनच घ्या. तिथे काही निघालं नाही आणि तरी परत परत होतंय, तर मग पॅनिकचा विचार करा. शरीराची धोक्याची घंटा चुकून वाजते, साधारण दहा मिनिटांत सगळं टोकाला जातं आणि मग हळूहळू उतरतं. तेव्हा जोरजोरात श्वास घेतला तर मुंग्या वाढतात, म्हणून श्वास सोडायला जास्त वेळ लावायचा, आत चार मोजून तर बाहेर सहा मोजून.

आजाराला विश्वासाचा पेपर समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या हिच्या पोटातून निघतात. मला पहिला विचार काय आला असेल, तर माझी प्रार्थना कमी पडतेय. मग मी वाढवली. मग पाप शोधायला लागलो, दहावीत केलेली कॉपी, भावाशी झालेलं भांडण, एकदा दशांश (कमाईचा दहावा भाग) दिला नव्हता तो महिना, सगळं उकरून काढलं आणि एकेकाची क्षमा मागितली, आणि तरी सकाळी चारला डोळा उघडायचाच. डायबेटिस झाला असता तर मी असं पाप शोधलं असतं का? नसतं, मेथी दाणे आणि मेटफॉर्मिन चालू केलं असतं.

जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांनी हेच विचारलं होतं की पाप कोणी केलं, याने का याच्या आईबापाने (योहान ९). प्रभूने सांगितलं, याने पण नाही आणि त्यांनी पण नाही. दोन हजार वर्षं झाली, आपण अजून तोच प्रश्न विचारून राहिलोय.

आणि आता एलीया. संडे स्कूलमध्ये आपल्याला कर्मेल डोंगरावरची आग शिकवतात, पुढचा अध्याय घाईत उरकतात. १ राजे १९. एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेल राणीच्या एका धमकीने पळतो, रानात एक दिवस चालून झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे परमेश्वरा, माझा जीव घे. आणि झोपतो. देव त्याला काय म्हणतो? काहीच नाही! देवदूत येऊन हलवतो, उठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खातो, परत झोपतो. परत उठवतो, परत खायला देतो, म्हणतो पुढचा प्रवास तुला झेपणार नाही. मग चाळीस दिवस चालून होरेबला पोचल्यावर कुठे देव विचारतो, एलीया, तू इथे काय करतोस? आणि त्याचं सगळं रडगाणं ऐकून घेतो, आणि शेवटी त्याला अलीशा देतो, म्हणजे जोडीदार. हा क्रम बघा ना. झोप, भाकर, पाणी, परत झोप, चालणं, मग बोलणं, मग माणूस. आपल्या मंडळीत नेमकं उलटं होतं, आधी भाषण, आणि भाकर मिळाली तर मिळाली.

व्हॉट्सॲपवरची वचनं

फिलिप्पै ४:६, पौलाच्या पत्रातलं वचन, मला एका आठवड्यात सोळा जणांनी पाठवलं, दोघांनी तर सूर्योदयाच्या फोटोवर. कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका. पाठवणाऱ्याचं मन चांगलंच असतं, मी पण पाठवलीयत ना. पण एन्झायटीच्या माणसाला ते कसं ऐकू येतं माहितीये? चिंता करू नका हा हुकूम आहे आणि तू तो मोडतोयस. म्हणजे एक चिंता अजून वाढली, चिंता करतोय याची चिंता.

त्याच पौलाने करिंथकरांना दुसऱ्या पत्रात (११:२८) लिहिलंय की सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर येऊन पडते. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकाच धातूचा शब्द आहे. म्हणजे चिंता करू नका म्हणणारा माणूस स्वतः रोज चिंतेत होता, आणि फिलिप्पैकरांचं ते पत्र पण कैदेतून लिहिलेलं. आणि करिंथकरांच्या त्याच दुसऱ्या पत्रात, पहिल्याच अध्यायात (१:८), तो सांगतो की आसियात आमच्यावर इतकं ओझं आलं की जगायची आशाच सोडली होती. मला हे कळल्यावर ४:६ परत वाचता आलं, हुकूम म्हणून नाही, एका दमलेल्या माणसाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवावा तसं.

तुम्हाला वचन पाठवायचंच असेल तर आधी फोन करून विचारा, जेवलास का.

प्रार्थनेच्या नावाखाली काळजीची उजळणी

ही चूक मला स्वतःला खूप उशिरा दिसली. सकाळी चारला उठून मी गच्चीवर जायचो, गुडघ्यावर तासभर. बायकोला वाटायचं नवरा केवढा प्रार्थनाशील झालाय. प्रत्यक्षात काय चालायचं, प्रभू ईएमआयचं बघ, आणि जर नोकरी गेली तर, आणि मग फ्लॅट जाईल, आणि मग आईचं ऑपरेशन कसं, आणि जर आईला काही झालं तर. आमेन. म्हणजे डोळे मिटून तासभर काळजीच केली, फक्त सुरुवातीला प्रभू म्हणालो. उठायचो तेव्हा बसताना होतो त्याहून वाईट.

तपासायचं कसं, तर प्रार्थनेनंतर एखादी तरी गोष्ट हातातून खाली ठेवली गेली का ते बघा. नसेल तर लांबी कमी करा. मी पाच मिनिटांवर आलो, ते पण मोठ्याने आणि चालता चालता, कारण मनातल्या मनात केली की गाडी परत ईएमआयवर जायची. स्वतःचे शब्द सुचत नव्हते तेव्हा फक्त प्रभूची प्रार्थना, नाहीतर स्तोत्र. बेचाळिसावं स्तोत्र घ्या, त्यात माणूस स्वतःच्या जिवालाच विचारतो की तू का खिन्न झालास. अठ्ठ्याऐंशीवं तर त्याहून कडू, त्याचा शेवट अंधारावर होतो, शेवटी हालेलूया वगैरे काही नाही. आणि ते बायबलमध्ये ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही. मला त्याचा इतका आधार वाटला की सांगता येत नाही.

अजून एक गंमत. चर्चमध्ये तीस वर्षं हिंदीत प्रार्थना केली, पण त्या दिवसांत हिंदी तोंडातून निघेचना, फक्त आजीची मराठी निघायची, हे बापा, हे माझ्या बापा, एवढंच. तेवढं पुरे असतं.

गोळी मनाने बंद करणं (ही चूक वाचाच)

डॉक्टरांनी एसिटालोप्रॅम चालू केली. पहिला आठवडा वाईट गेला, मळमळ, आणि घबराट उलट थोडी जास्तच. हे होतं, बऱ्याच लोकांना होतं, आणि गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, पण हे नीट समजून न घेतल्याने लोक आठव्या दिवशी पुडी फेकतात. मी नाही फेकली. मला तिसऱ्या महिन्यात छान वाटायला लागलं, आणि तिथे घोटाळा झाला.

बाहेरगावचे एक प्रवचनकार आले होते, तीन दिवसांच्या मीटिंग, शेवटच्या रात्री म्हणाले ज्यांना चंगाई मिळालीय त्यांनी पुढे या. मी गेलो. माईक हातात दिला, मी साक्ष दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, घरी येऊन त्या रात्री गोळी घेतली नाही. चार दिवसांनी डोळे वळवले की डोक्यात करंट मारल्यासारखं, चक्कर, घाणेरडी स्वप्नं, पलासियाच्या सिग्नलला हेल्मेटच्या आत रडायला येतंय. मला वाटलं सैतानाचा हल्ला आहे. उपास धरला, अजून वाईट. सहाव्या आठवड्यात मी परत जिथून निघालो तिथेच, आणि आता तर कोणाला सांगायची पण सोय नाही, कारण दोनशे लोकांसमोर मी बरा झालो म्हणून सांगून बसलो होतो. आजारापेक्षा ते लपवणं जड गेलं मला.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, डोक्यातला करंट हा गोळी एकदम तोडल्याचा परिणाम आहे, आणि नंतरचं डिप्रेशन हे परत आलेलं डिप्रेशन आहे. बरं वाटायला लागल्यावर सुद्धा सहा महिने तरी, कधी जास्त, गोळी चालू ठेवायची असते आणि मग डॉक्टरच आठवड्या-आठवड्याने कमी करत आणतात. सवय लागते का, हे सगळे विचारतात. एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन या जातीच्या गोळ्यांची नशेसारखी तलफ लागत नाही, फक्त एकदम तोडायच्या नसतात. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या घबराट लगेच दाबणाऱ्या गोळ्यांची, म्हणून त्या थोड्या दिवसांसाठी देतात, आणि मेडिकलवाल्याशी ओळख आहे म्हणून त्या मनाने घेत राहणं हीच खरी धोक्याची गोष्ट. त्या बरेच दिवस घेतल्या असतील तर एकदम थांबवू पण नका, फीट येऊ शकते.

गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं कोणी म्हटलं तर त्यांना प्रेमाने विचारा की हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला कोणी सांगितलं होतं, यशया संदेष्ट्याने (यशया ३८:२१). लूक स्वतः वैद्य होता. आणि साक्ष द्यायची तर द्या ना, पण सावकाश, आणि गोळीसकट द्या.

उपास आणि जागरण

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, आमच्याकडे बरेच जण एक वेळ जेवतात, शुक्रवारी काही खात नाहीत, आणि पूर्ण रात्र प्रार्थना पण असते. तब्येत ठीक असेल तर जरूर करा. पण ज्याचं आधीच जेवण तुटलंय, झोप तुटलीय, वजन उतरलंय, त्याने उपास करणं म्हणजे झुडपाखालच्या एलीयाची भाकर काढून घेणं. ज्यांना बायपोलर आहे (कधी डिप्रेशन, कधी उलट अति उत्साह, म्हणजे मॅनिया) त्यांनी तर रात्रीचं जागरण करूच नये, झोप मोडली की मॅनिया उसळू शकतो. त्यावरची लिथियमची गोळी चालू असलेल्यांनी पाणी-मीठ तोडणारा उपास अजिबात नाही, रक्तात लिथियम वाढून विषारी होऊ शकतं. पास्टर साहेबांना आधी सांगून ठेवा, उपास म्हणून मोबाईल सोडा, चहा सोडा. (चहा सोडल्याचा मला तर दुहेरी फायदा झाला, धडधड पण कमी झाली.)

ख्रिस्ती डॉक्टरच पाहिजे म्हणून थांबणं

मी तीन महिने यात घालवले. माझे डॉक्टर जैन आहेत. दुसऱ्याच भेटीत त्यांनी विचारलं, चर्च जाते हो? मैं बोला जाता था, अभी मन नहीं करता. ते म्हणाले, जाना चालू रखो, वहां तुम्हारे लोग हैं. मला काय पाहिजे होतं अजून? सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मनाच्या आजारांचं शिकलेला डॉक्टर, गोळ्या तो देतो. सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतो, गोळ्या देत नाही. पास्टर या दोघांचं काम करू शकत नाही आणि हे दोघं पास्टरचं करू शकत नाहीत, तिघं असले तर उत्तम. डिग्री मात्र विचारून घ्या, काउन्सेलर अशी पाटी आजकाल कोणीही लावतो.

पहिल्या भेटीला जाताना कागदावर लिहून न्या. आपण मराठी माणसं तिथे जाऊन हिंदीत अडखळतो, कसंतरी होतं याला हिंदीत काय म्हणणार, मग घबराहट एवढंच सांगून परत येतो. लिहा की कधीपासून, झोप किती, भूक कशी, वजन किती कमी झालं, आवडीची कामं सुटली का, मरायचे विचार येतात का, दारू किती, घरात आधी कोणाला होतं का, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. उदासी किंवा कशातच रस नाही असं दोन आठवडे रोज, बहुतेक दिवसभर चाललं असेल तर थांबायचं नाही. आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह करून घ्या, यातलं काही बिघडलं तरी माणूस असाच गळून जातो.

सगळ्यांना सांगणं किंवा कोणालाच न सांगणं

माझ्या बाबतीत प्रार्थनेचा विषय म्हणून ग्रुपवर नाव टाकलं गेलं आणि संध्याकाळपर्यंत खंडव्याच्या मावसबहिणीचा फोन. दोन माणसं निवडा, पोटात ठेवणारी. बास.

मरायचा विचार आला तर

इथे घरच्यांची चूक जास्त असते. असं बोलू नको, ते अक्षम्य पाप आहे, नरकात जाशील. हे ऐकून माणूस बोलायचं थांबतो, विचार करायचं थांबत नाही. एलीयाने मरण मागितलं, मोशेने मागितलं (गणना ११), योनाने मागितलं, आणि देवाने एकालाही त्यासाठी हाकलून दिलं नाही. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने डोक्यात ते शिरत नाही, उलट ज्याला विचारलं त्याला सुटल्यासारखं होतं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्यांचा साठा, किटकनाशक, जे काही असेल ते काढून घ्या, आणि त्याच दिवशी डॉक्टर. रात्र असेल तर टेली-मानसला फोन लावा, १४४१६, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली सेवा आहे, फुकट, दिवसरात्र. जिवावरच बेतलं असेल तर १०८ ला. पोलीस केसच्या भीतीने कोणी दवाखान्यात न्यायचं टाळू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरून चालतात, शिक्षेसाठी नाही, उपचारासाठी.

आणि विश्वासाने मजबूत माणसाला हे होत नाही, असं वाटत असेल तर इंग्लंडचे प्रवचनकार स्पर्जन बघा. ज्यांची वाक्यं आपले पास्टर आठवड्याआड सांगतात तेच. १८५६ मध्ये लंडनच्या एका हॉलमध्ये ते बोलत असताना कोणीतरी आग आग ओरडलं, चेंगराचेंगरीत सात जण गेले. स्पर्जन तेव्हा २२ वर्षांचे होते, घरी महिन्याभराची जुळी मुलं. त्यानंतर डिप्रेशन त्यांना आयुष्यभर येत-जात राहिलं आणि ते पुलपिटवरून उघड बोलायचे. पुढे पुढे हिवाळ्यात दक्षिण फ्रान्सला मेंतोंला जाऊन उन्हात पडून राहायचे. कोणी म्हणालं नाही की भिया, तुमचा विश्वास कमी पडतो.

भेटायला जाणाऱ्यांनो

ईयोबाचे मित्र सात दिवस जमिनीवर गप्प बसले तोपर्यंत फार चांगले होते. बोलायला लागले आणि बिघडलं.

आमच्या भगिनी मंडळातल्या एक काकू शनिवारी दुपारी आल्या, तेव्हा माझी तीन दिवस आंघोळ झाली नव्हती, बनियनवर बसलो होतो. डबा ठेवला, मुगाची खिचडी आणि कढी. कसं वाटतंय विचारलं नाही. पिशवीतून मेथीची जुडी काढली, वर्तमानपत्र पसरलं, अर्धी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, देठ नको घेऊस रे जास्त, कडू लागते. मी निवडायला लागलो. वीस मिनिटं आम्ही दोघं मेथी निवडत होतो, बाहेर भंगारवाला ओरडत होता, काकू मधेच एखादी ओळ गुणगुणायच्या. पाच दिवसांत मी पूर्ण केलेलं ते पहिलं काम. नंतर डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, हा तर इलाजच आहे, मन लागेल तेव्हा काम करू असं नाही, छोटं काम आधी करायचं, मन मागून येतं. काकूंना हे कुठे माहिती होतं, त्यांना रात्री मेथीचे पराठे करायचे होते. त्यांचा डबा अजून आमच्याकडेच आहे, रिकामा कसा द्यायचा म्हणून राहून जातो.

आणि चर्च सोडणं

सोडू नका पण नेहमीसारखं जायचा अट्टाहास पण नको. मला लोकांच्या कैसे हो, सब ठीक या प्रश्नाची धास्ती बसली होती, म्हणून चार महिने गेलोच नाही, आणि जितकं लांबलं तितकं परत जाणं अवघड झालं. मग बायकोने मार्ग काढला. पहिलं गीत संपल्यावर आत शिरायचं, शेवटच्या रांगेत दाराशी बसायचं, आशीर्वाद चालू असताना डोळे मिटलेले असतात सगळ्यांचे, तेव्हा निघायचं. प्रभूभोजनाला पुढे जाववत नसेल तर पास्टर साहेबांना आधी सांगून ठेवायचं, ते जागेवर आणून देतात. कोणी हजेरी घेत नाही तिथे. मी अजून त्याच जागेवर बसतो, आता गरज नाही तरी, तिथे पंखा पण बरा लागतो.